खोलीबाहेरचं समुपदेशन: चालत-बोलत थेरपी पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

पहिल्या सत्राला मी कोरे करकरीत बूट घालून गेले. दहाव्या मिनिटाला उजव्या टाचेला बूट चावायला लागला आणि पुढची चाळीस मिनिटं निम्मं लक्ष समुपदेशकांच्या बोलण्याकडे, निम्मं टाचेकडे. त्यांनी दोनदा विचारलं, "काही त्रास होतोय का?" दोन्ही वेळा मी "नाही, ठीक आहे" म्हणाले. घरी येऊन मोजा काढला तर हा एवढा फोड. गंमत अशी, की 'मला त्रास होतोय' हे मला वेळेवर सांगता येत नाही, याच कारणासाठी मी त्यांच्याकडे जायला लागले होते. दुसऱ्या सत्राची सुरुवात त्या फोडापासूनच झाली आणि फार कामाचं बोलणं झालं.

मोकळ्या हवेत, चालता चालता थेरपी घ्यायचं कुणी मनात आणलं, की पहिले प्रश्न असेच बारीकसारीक असतात. कुठे चालायचं, रडू आलं तर काय, ओळखीचं कुणी भेटलं तर काय, धाप लागली तर बोलायचं कसं. या प्रश्नांना लाजायचं कारण नाही. त्यांची उत्तरं आधी मिळाली, तर तासभर मन बोलण्यात राहतं.

हे नक्की काय असतं

खोलीत समोरासमोर बसून जे समुपदेशन होतं, तेच बागेत, तळ्याकाठी किंवा झाडांमधल्या पायवाटेवर चालत केलं, की झाली चालत-बोलत थेरपी. 'वॉक अँड टॉक' या नावानेही ती ओळखली जाते. प्रशिक्षित समुपदेशक असतो, वेळ ठरलेली असते, साधारण पन्नास मिनिटं ते तासभर. गुप्ततेचे नियम तेच, उद्दिष्टं तीच, फीही असते. फक्त खुर्च्या नसतात.

मैत्रिणीबरोबर फेरफटका मारणं वेगळं. तिथे तिचंही ऐकावं लागतं. वनस्नानही वेगळं. 'शिनरिन-योकू' हा शब्द जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये रूढ केला. त्यात बोलण्यापेक्षा वास, आवाज, स्पर्श यांना महत्त्व. आणि हा व्यायामाचा वर्गही नव्हे. पावलं मोजणारं घड्याळ घालून गेलात तरी चालेल, पण ते बाहीखाली असू द्या.

कुणी याला नवं खूळ म्हणालं तर त्यांना सांगा, की मनोविश्लेषणाचे जनक खुद्द सिगमंड फ्रॉइड हे करत. मॅक्स आयटिंगॉन या डॉक्टरांचं मनोविश्लेषण त्यांनी व्हिएन्नात संध्याकाळी फिरता फिरता केलं. ऑगस्ट १९१० मध्ये संगीतकार गुस्ताव मालर त्यांना नेदरलँड्समधल्या लायडन शहरात भेटले, तेव्हा दोघे सुमारे चार तास गावातून चालत बोलत राहिले. ज्यांच्यामुळे मनोविश्लेषण म्हटलं की रुग्णाने आडवं पडून बोलायचा कोच डोळ्यासमोर येतो, तेच हे गृहस्थ. पुढे १९७० च्या दशकात थॅडियस कॉस्ट्रुबाला हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ तर रुग्णांबरोबर धावायला लागले. धावता धावता बोलणं मला जमलं नसतं.

मनाला यातून काय मिळतं

मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो अगदी साधा आहे: समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. ज्या गोष्टीची लाज वाटते ती समोर बसून सांगताना आपण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचत असतो; भुवई जरा वर गेली की वाक्य गिळतो. शेजारी चालताना ते वाचन बंद पडतं. शांततेचंही तसंच. खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही की अवघडायला होतं, घड्याळाची टिकटिक ऐकू येते. वाटेवर तीच दोन मिनिटं पावलांच्या आवाजात सहज निघून जातात आणि तिसऱ्या मिनिटाला, आपणही ठरवलेलं नसतं असं काहीतरी तोंडातून बाहेर पडतं. समुपदेशकाला मात्र यात एक तोटा आहे: तुमचा चेहरा त्यालाही दिसत नाही. म्हणून चेहऱ्यावर जे दिसलं असतं ते बाहेर शब्दांत सांगावं लागतं. माझ्या टाचेचा घोटाळा नेमका इथेच झाला.

दुसरा फायदा विचारांच्या दळणाला बसणाऱ्या खिळीचा. 'मी तेव्हा असं का बोलले', 'माझंच चुकलं' हे जातं एकदा सुरू झालं की थांबता थांबत नाही आणि नैराश्यात ते फार पीठ पाडतं. ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३८ निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना झाडं आणि गवताळ माळ असलेल्या वाटेवर ९० मिनिटं चालायला पाठवलं, काहींना वाहत्या रहदारीच्या रस्त्याकडेने. हिरव्या वाटेवरून आलेल्यांमध्ये अशा घोळणाऱ्या विचारांचं प्रमाण कमी झालं, आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या, अशा विचारांशी आणि खिन्नतेशी जोडलेल्या एका छोट्या पट्ट्यातली हालचालही मंदावली. रस्त्याकडेने चाललेल्यांत असा फरक पडला नाही. म्हणजे चालणं तेच, वाट वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढे वाट निवडताना लागेल.

याचं एक स्पष्टीकरण स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. कामावर, पडद्यासमोर आपण लक्ष जबरदस्तीने एका जागी धरून ठेवतो, ते थकतं. हलणारी पानं, पाण्यावरची लहर, सरकता ढग यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, त्याला ताण पडत नाही आणि तेवढ्यात थकलेलं लक्ष विसावा घेतं. मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात, वृक्षोद्यानातून चालून आल्यावर आकडे उलट्या क्रमाने म्हणायच्या चाचणीत लोकांची कामगिरी साधारण २० टक्क्यांनी सुधारली. शहरातून चालून आल्यावर तशी सुधारली नाही. कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्यांना मजा आली नव्हती, फायदा मात्र झाला होता. हे वाचून मला बरं वाटलं होतं, कारण सुरुवातीच्या तीन-चार सत्रांत मलाही काही मजा आली नव्हती.

तिसरा फायदा शरीराच्या वाटेने येतो. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून, म्हणजे १ लाख ९० हजारांहून जास्त प्रौढांची माहिती तपासून असं दिसलं, की आठवड्याला अडीच तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी होता. त्याच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांतही १८ टक्क्यांनी कमी. नैराश्य असलेली माणसं मुळातच कमी हलतात, हाही त्या आकड्यातला एक भाग असू शकतो. पण निम्म्यातच इतका फरक दिसतो हे नवख्या माणसाला धीर देणारं आहे. शिवाय दिवसाचा उजेड. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो, आणि सकाळी तो डोळ्यांत गेला की शरीराचं झोपेचं घड्याळ जागेवर यायला मदत होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चालण्याचा फायदा, हिरवाईचा फायदा, समुपदेशनाचा फायदा या तिन्हींवर वेगवेगळा भरपूर अभ्यास झाला आहे. तिन्ही एकत्र करून केलेल्या थेरपीवरचे अभ्यास तुलनेने थोडे आणि छोटे आहेत. तेव्हा 'औषधं सोडा, चालायला लागा' असं कुणी सांगत असेल तर त्या माणसापासूनच चार पावलं लांब चाला.

आधी थांबायचं कुणी

स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर चालत-बोलत सत्राची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे, रुग्णालयात किंवा आपत्कालीन मदत क्रमांकाकडे जा, जवळच्या माणसाला सोबत घ्या. भास होत असतील, उन्मादाची अवस्था असेल, एखाद्या भयंकर प्रसंगाच्या आठवणीने मधेच आजूबाजूचं भान सुटत असेल, तर सध्या चार भिंतींची सुरक्षितता जास्त उपयोगी. बाहेर कधी यायचं ते उपचार करणारे ठरवतील.

शरीराचंही बघा. छातीत दुखणं, चक्कर, गुडघ्याचं नवं दुखणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मनाच्या काही औषधांबाबत खास काळजी लागते: लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी घामाने कमी झालं तर रक्तातली लिथियमची पातळी वाढू शकते, आणि काही मनोविकारविरोधी औषधांनी उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. यावर उपाय सोपा आहे. उन्हाची वेळ टाळायची आणि पाणी जवळ ठेवायचं. पण हे समुपदेशकाला माहीत असायला हवं आणि सांगायचं तुम्हीच.

पॅनिकचे, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीचे, झटके येणाऱ्यांना वाटतं, की हे आपल्यासाठी नाही. चढ चढताना छाती धडधडली की 'आलाच झटका' असं वाटतं. खरं तर धडधड म्हणजे धोका नव्हे, हे शरीराला शिकवायची ही चांगली संधी असते. फक्त ती ठरवून, हळूहळू आणि जाणत्या माणसासोबत घ्यायची. गर्दीची किंवा मोकळ्या जागेची भीती असणाऱ्यांचंही तेच.

पायरी १: माणूस निवडा

वाट नंतर, आधी माणूस. पात्रता आणि नोंदणी विचारायला संकोचू नका. बागेत भेटतो म्हणून तो कमी औपचारिक व्यवसाय होत नाही. फोनवर किंवा पहिल्या भेटीत मी हे विचारलं होतं: बाहेर सत्रं घ्यायला केव्हापासून सुरुवात केली? मधेच मला काही झालं तर तुम्ही काय कराल? पाऊस आला तर सत्र रद्द, खोलीत की फोनवर? शेवटच्या क्षणी रद्द झालं तर फी? नोंदी कुठे ठेवता? उत्तर देताना समोरची व्यक्ती चिडली तर शोध चालू ठेवा. एका ठिकाणी मला "अहो, इतका विचार करू नका, निसर्ग सगळं बरं करतो" असं उत्तर मिळालं. मी तिथे गेले नाही.

पायरी २: पहिली भेट खोलीतच घ्या

हा माझा आग्रह आहे. सविस्तर इतिहास, औषधं, संमतीपत्र, उद्दिष्टं हे सगळं बसून करावं. याच वेळी सुरुवातीची मोजणीही होऊ द्या. नैराश्यासाठी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली जगभर वापरली जाते; गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर मध्यम किंवा तीव्र नैराश्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. चिंतेसाठी 'जीएडी-७' आहे, गुण ० ते २१. पीएचक्यूतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे शून्याऐवजी काहीही आलं तर ते खोलीतच, दार लावून बोलायचं. चालायला नंतर.

पायरी ३: वाट ठरवा

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण वाट चुकली की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

दोन माणसं खांद्याला खांदा न घासता चालू शकतील एवढी रुंदी हवी. पुढे-मागे चालावं लागलं की बोलणं खुंटतं. रस्ते ओलांडणं शक्यतो नको. दर वेळी 'थांबा, गाडी येतेय' झालं की धागा तुटतो. दर पाच-सात मिनिटांवर टेकायला बाकडं असावं. माणसं दिसत राहावीत पण बोलणं ऐकू जाईल इतकी जवळ नसावीत. अगदी निर्मनुष्य जागा कितीही सुंदर असली तरी नको, सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आणि भीतीच्या दृष्टीनेही. फोनला रेंज हवी, स्वच्छतागृह कुठे आहे ते माहीत हवं. हिरवाई असेल तेवढी चांगली, पण ती नसेल तर शांत गल्लीसुद्धा चालते. अरण्य सापडेपर्यंत थेरपी लांबवू नका.

गोल वाट की जाऊन-येऊन वाट? माझं मत जाऊन-येऊन वाटेच्या बाजूने. गोल वाट आपल्याला हवं तेव्हा संपत नाही, तिला हवं तेव्हा संपते. गळा दाटून आलेला असतो आणि समोर फाटक दिसायला लागतं. जाऊन-येऊन वाटेवर वळायचा क्षण दोघांच्या हातात असतो. आम्ही घड्याळ न बघता त्या वळण्याचाच वापर करायचो. इथून पुढे परतीचं, म्हणजे आता नवं काही उकरायचं नाही, हे पायांनाच कळायचं.

आणखी एक, जे मला कुणी आधी सांगितलं नाही. स्वतःची आवडती, रोजची वाट थेरपीसाठी देऊ नका. जागा बोलणं धरून ठेवते. एका वळणावरच्या फांदीखाली मी वडिलांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा बोलले. आज तिथून गेले की ते वाक्य जसंच्या तसं कानात वाजतं. ती वाट माझी रोजची असती तर पंचाईत झाली असती. त्याच कारणाने घर किंवा ऑफिसच्या अगदी जवळची वाटही टाळा.

सत्राआधी एकदा एकट्याने त्या वाटेवरून जाऊन या, त्याच वारी, त्याच वेळी. रविवारी शांत असलेली बाग बुधवारी संध्याकाळी शाळकरी मुलांनी भरलेली असू शकते.

पायरी ४: ओळखीचं कुणी भेटलं तर

भेटतं. आज ना उद्या नक्की भेटतं. म्हणून एक वाक्य आधीच ठरवून ठेवायचं. तुम्ही आधी बोलल्याशिवाय समुपदेशक स्वतःची ओळख करून देणार नाही, एवढं पक्कं करा. माझं वाक्य होतं, "आम्ही जरा कामाचं बोलतोय, नंतर फोन करते." खोटंही नाही आणि पुढे प्रश्नही येत नाही. माणसांची नावं घेऊन बोलायची सवय असेल तर वाटेवर टोपणनाव वापरा. सासू, बॉस, भाऊ असं नातंही पुरतं. समोरून कुणी आलं की आवाज खाली आणायचा किंवा नुसतं थांबायचं, आणि माणूस पुढे गेला की "आपण कुठे होतो" हे विचारायची जबाबदारी समुपदेशकाची. फोन बंद करून खिशात. बाहेरची गुप्तता खोलीइतकी घट्ट कधीच नसते. ती तडजोड मान्य नसेल तर तसं स्पष्ट सांगून खोलीतच राहा, त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ५: काय घ्यायचं, काय नाही

वापरलेले, सवयीचे बूट. पाण्याची बाटली, रुमाल, टोपी, दम्याचा पंप असेल तर तो. हात मोकळे राहतील अशी छोटी पिशवी. झालं.

पायरी ६: प्रत्यक्ष तो तास

दहा मिनिटं आधी पोहोचा. धावतपळत आलात तर पहिली पंधरा मिनिटं श्वास जागेवर येण्यातच जातात.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगा. आज मन कसं आहे, ० ते १० मध्ये एक आकडा. आणि शरीर कसं आहे, कुठे दुखतंय का. दुसरी गोष्ट मी टाचेच्या प्रसंगानंतर कधी चुकवली नाही. मग बाजू ठरवा. हे कुणी विचारत नाही, पण फरक पडतो. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर समुपदेशक दुसऱ्या बाजूला हवा. काहींना रस्त्याच्या कडेला चाललं की घुसमटल्यासारखं होतं, काहींना तिथेच आडोसा वाटतो. तुम्हाला कुठे बरं वाटतं ते दोन-दोन मिनिटं चालून बघा.

वेग तुमचा, समुपदेशकाने जुळवून घ्यायचं. एक साधी कसोटी आहे: पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर पावलं कमी करा. पावलांनी बोलण्याच्या मागून चालायचं, बोलण्याला मागे टाकून नाही. जसजशी सत्रं होतील तसं एक लक्षात येईल, की ठरावीक विषय आला की आपला वेग आपोआप वाढतो. मी पैशांबद्दल बोलायला लागले की जवळजवळ पळायचे. समुपदेशकांनी ते हळूच निदर्शनास आणलं, "आत्ता आपण कशापासून लांब चाललोय?" खोलीत हे कधी दिसलं नसतं.

थांबायची खूण ठरवा. हात जरा वर केला की दोघांनी जागच्या जागी थांबायचं, कारण विचारायचं नाही. रडू आलं तर तीन पर्याय असतात: तसंच रडत हळू चालायचं, झाडाकडे तोंड करून उभं राहायचं, किंवा बाकड्यावर बसायचं. मी तिन्ही केलंय. लोक बघतात असं वाटतं. खरं तर जो तो आपल्या नादात असतो, आणि एखाद्याने पाहिलंच तर तो नजर वळवतो.

भान सुटतंय, विचारांचा पूर आलाय असं वाटलं तर बाहेर असण्याचा मोठा आधार होतो. थांबा. दोन्ही पायांचे तळवे जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मोठ्याने घ्या, मग स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. खोलीत हा व्यायाम करताना पाचवी गोष्ट म्हणून पंखाच आठवतो. बाहेर सालीचा खडबडीतपणा हाताला लागतो.

आता बसायचं कधी, याबद्दल. २०१४ मध्ये मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी दाखवलं, की चालताना माणसांना नव्या कल्पना सरासरी ६० टक्क्यांनी जास्त सुचतात. मात्र एकच अचूक उत्तर शोधायचं असेल तेव्हा चालणारे किंचित मागे पडले. काही बोलणं आम्हाला बाकड्यावर बसल्यावरच का जमायचं, हे कोडं ते वाचल्यावर उलगडलं. 'याशिवाय दुसरं काय करता येईल' असले मोकळे प्रश्न चालताना घ्यावेत. 'नोकरी सोडायची तारीख', 'भावाला काय शब्दांत सांगायचं' असलं नेमकं काम बसून, हातात कागद घेऊन करावं.

शेवटची दहा मिनिटं वेग कमी. नवी जखम उघडायची नाही. पुन्हा ० ते १० चा आकडा सांगायचा. तो सुरुवातीपेक्षा वाईट असला तर तसाच सांगायचा.

पायरी ७: संपल्यानंतर

लगेच गाडीत बसू नका, मीटिंगला जाऊ नका. पंधरा मिनिटं राखून ठेवा. वहीत दोन-तीन ओळी लिहा, पण 'आज मी काय शिकले' असलं शाळकरी लिहू नका; कुठल्या जागी काय बोलले एवढंच. 'दुसऱ्या बाकड्याजवळ आईबद्दल. पुलावर काहीच नाही.' पुढच्या वेळी ती वाट आठवली की बोलण्याचा धागाही सापडतो. त्या रात्री थकवा जाणवला किंवा मन जड वाटलं तर घाबरू नका. दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर मात्र पुढच्या सत्राची वाट न बघता कळवा.

पायरी ८: मधले सहा दिवस

आठवड्यातून एक तास पुरत नाही. इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ मध्ये असं दिसलं, की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न घालवणाऱ्यांपेक्षा आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ही मिनिटं एकदम घेतली काय, तुकड्यांनी घेतली काय, फरक नव्हता. मग सत्राचे पन्नास आणि बाकी दहा-दहा मिनिटांचे सात तुकडे, जमण्यासारखं आहे.

नैराश्यात खरी अडचण दहा मिनिटांची नसते, दाराची असते. 'बरं वाटलं की जाईन' म्हणत बसलं तर ते बरं वाटणं येतच नाही. आधी कृती, मग उत्साह, या क्रमावर 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' नावाची उपचारपद्धतीच उभी आहे. म्हणून ठराव एवढाच करा: बूट घालायचे, दाराबाहेर जायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायला परवानगी आहे. मी कितीतरी वेळा कोपऱ्यावरूनच परतले. तेही वहीत मांडलं.

एकट्याने चालताना दळण पुन्हा सुरू होतं, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते आणि ती खरी आहे. त्यासाठी एक तुकडा काळजीला देऊन टाका: या खांबापासून त्या झाडापर्यंत मनसोक्त काळजी करायची. झाड आलं की कानांना काम द्यायचं, सगळ्यात लांबचा आवाज कुठला ते शोधायचं. कानात गाणी घालून चालायला हरकत नाही, पण निम्मी वाट तरी कान मोकळे ठेवा.

पायरी ९: उपयोग होतोय का, ते तपासा

सहा सत्रांनंतर प्रश्नावली पुन्हा भरा. पीएचक्यूत पाच किंवा त्याहून जास्त गुणांनी घट झाली तर ती खरी सुधारणा मानली जाते. गुण हललेच नाहीत तर पद्धत, औषध, माणूस, यातलं काय बदलायचं ते मोकळेपणाने बोला. एक धोक्याची खूण मी स्वतःवर पकडली होती: पक्षी, हवा, फुलं यांवरच्या गप्पांत सत्र छान निघून जायला लागलं. चालणं हे टाळण्याचं साधन व्हायला लागलं की महिनाभर खोलीत परत जावं. मी गेले. त्या चार भेटींत जे बाहेर आलं ते वाटेवर कधीच आलं नसतं, आणि मग आम्ही पुन्हा बाहेर पडलो.

थांबायची वेळ आली, की गुपचूप गायब होऊ नका. बऱ्याच जणांचं असंच होतं, बरं वाटायला लागतं आणि एक सत्र चुकतं, मग दुसरं. त्याऐवजी आधी आठवड्याचं पंधरवड्यावर न्या, मग महिन्यावर. शेवटचं सत्र शेवटचं आहे हे दोघांनाही आधीपासून माहीत असू द्या. आमच्या शेवटच्या सत्रात ठरलेल्या जागेवरून आम्ही परत वळलोच नाही. ती वाट पुढे कुठे जाते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाण्याच्या टाकीपाशी जाते, बाकी काही नाही.